भाच्याची लघवीची टेस्ट निगेटिव्ह होती, तरी त्याचं भान सुटलं होतं. सिंथेटिक गांजाबद्दल (ठाणे / नवी मुंबई)

नौपाड्याची_आत्या | रविवार, रात्री ११:५०

दोन महिने झाले, लिहू की नको चाललं होतं. आज दादा-वहिनी कराडला परत गेले, घर एकदम शांत झालं, तेव्हा बसले. भाच्याला विचारूनच लिहितेय. तो म्हणाला, "लिही आत्या, फक्त माझं नाव आणि कॉलेज टाकू नकोस."

तो वीस वर्षांचा. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, कोपरखैरण्याला तीन मुलांबरोबर भाड्याच्या खोलीत राहायचा. दर शनिवारी ट्रान्सहार्बर लोकलने ठाण्याला माझ्याकडे. कपडे मशीनला लावायचे, रविवारी मटण खायचं, संध्याकाळी डबा घेऊन परत. त्या आठवड्यात तो शुक्रवारीच आला. हातात बॅग नाही. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात भलत्याच कुणाची. मी विचारलं, घाईत निघालास का रे? उत्तर न देता आत गेला आणि सगळे पडदे ओढून घेतले.

रात्री पाणी प्यायला उठले तर हा स्वयंपाकघरात उभा. सकाळच्या पोळ्यांसाठी मळून ठेवलेली कणीक घेऊन दाराच्या किल्लीचं भोक बुजवत होता. अगदी मन लावून, अंगठ्याने दाबून दाबून, मोदकाच्या कळ्या काढाव्यात तसा. म्हणाला, "इथून ऐकतात." मोबाईल त्याने तांदळाच्या डब्यात खोल पुरून ठेवला होता. दुसऱ्या दिवसापासून माझ्या हातचं जेवण बंद. आमटीत मी काहीतरी घालते म्हणे. स्वतः सोललेलं केळं आणि स्वतः सोललेलं उकडलेलं अंडं, एवढंच. झोप नाही. डोळे लाल, हाताला सतत घाम.

शनिवारी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी परीक्षेचं टेन्शन म्हणून झोपेची गोळी दिली. तिचा काही उपयोग झाला नाही. सोमवारी एका खासगी हॉस्पिटलात नेलं. मला शंका होती, मीच म्हटलं गांजा-बिंजा तपासा. लघवी तपासली, रिपोर्ट निगेटिव्ह. मी लगेच दादाला व्हॉट्सअ‍ॅप केलं, "सगळं क्लिअर आहे, व्यसनाचं काही नाही." तो मेसेज आजही माझ्या मोबाईलमध्ये आहे. त्या एका कागदामुळे पुढचे चार दिवस वाया गेले. कुणी बाहेरचं असेल म्हणालं, अंगारा लावला. कुणी म्हणालं हवापालट करा.

शुक्रवारी पहाटे तीनला दार उघडं दिसलं. तो सापडला तलावपाळीला, कठड्यावर पाय पाण्याच्या बाजूला सोडून बसलेला. आमचा वॉचमन आणि एक रिक्षावाला दोघांनी मिळून त्याला बोलत बोलत मागे घेतलं. रिक्षावाल्याने हॉस्पिटलपर्यंत सोडलं, पैसे घेतले नाहीत. त्याचं नावसुद्धा विचारायचं राहिलं.

तिथल्या रेसिडेंट डॉक्टर मुलीने मला दहा मिनिटं बाहेर बसवलं आणि त्याच्याशी एकटीने बोलली. बाहेर येऊन म्हणाली, "काकू, तो रिपोर्ट बाजूला ठेवा. त्याच्या रूमवर काय आहे ते मागवून घ्या." रूममेट सकाळी घेऊन आला. चहाच्या टी-बॅगेएवढं चांदीच्या रंगाचं पाकीट, वर कार्टून. आत कसुरी मेथीसारखा चुरा, पण हिरवा रंग जरा जास्तच. वास मेथीचा नाही, गांजाचाही नाही. प्लास्टिकचा नवा डबा उघडल्यावर येतो तसा. मुलं त्याला नुसतं "पेपर" किंवा "स्पाईस" म्हणतात, असं तो रूममेट मान खाली घालून सांगत होता. हाच तो सिंथेटिक गांजा, म्हणजे पाल्यावर फवारलेलं रसायन. चार महिने चालू होतं.

अकरा दिवस अ‍ॅडमिट होता. पाचव्या रात्री पहिल्यांदा सलग झोपला. आठव्या दिवशी सकाळी मला म्हणाला, "आत्या, मोबाईल तांदळात आहे गं. आईला फोन करायचाय."

मला एवढंच सांगायचंय की निगेटिव्ह रिपोर्ट म्हणजे "काही घेतलं नाही" असा अर्थ होत नाही. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर चार दिवस वाचले असते. जाणकारांनी कृपया यात भर घाला.

---

लॅबवाला_वाशी | सोमवार, सकाळी ७:१५

ताई, वीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतोय. तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं, कारण हा प्रश्न मला काउंटरवर आठवड्यातून एकदा तरी येतो आणि उभ्या उभ्या नीट सांगता येत नाही.

लघवीची जी साधी पट्टी असते, तिच्यावर प्रत्येक खाचेला अक्षरं छापलेली असतात. गांजाच्या खाचेवर टीएचसी, म्हणजे गांजातला नशा आणणारा घटक. त्या खाचेत गांजा शरीरात गेल्यावर यकृत त्याचं जे रूप बनवतं, ते एकच रूप पकडणारी प्रथिनं लावलेली असतात. सिंथेटिक माल मेंदूत गांजाच्याच जागी जाऊन बसतो, पण त्याच्या रेणूची घडण वेगळी. पट्टीला तो दिसतच नाही. बरं, त्या पट्टीवर दोन रेघा म्हणजे निगेटिव्ह आणि एक रेघ म्हणजे पॉझिटिव्ह, प्रेग्नन्सीच्या कार्डाच्या बरोबर उलट. घरी पट्टी आणून बघणारे पालक इथेही फसतात.

हे पकडायचं तर मास स्पेक्ट्रोमेट्रीचं, म्हणजे वजनावरून रेणू ओळखणारं मशीन लागतं. ते न्यायवैद्यक प्रयोगशाळेत किंवा मोठ्या संशोधन संस्थेत. आणि मशीन असूनही, आपण कोणता रेणू शोधतोय हे त्याला आधी माहीत असावं लागतं. युरोपात आजवर असे दोनशेहून जास्त वेगवेगळे रेणू नोंदले गेलेत. त्यामुळे रिपोर्टवर निगेटिव्ह लिहिलेलं दिसलं की त्याच्या पुढे मनातल्या मनात "जे शोधलं तेवढ्यापुरतं" हे शब्द जोडा.

---

नेरूळकर२७ | सोमवार, दुपारी १:३०

नवीन आयडी काढून लिहितोय, कारण नेहमीच्या आयडीवर नातेवाईक आहेत.

मी ते ओढायचो आणि ते कशासाठी निवडलं तर याच कारणासाठी. मला मर्चंट नेव्हीत जायचं होतं. तिकडे मेडिकलला ड्रग टेस्ट होते हे सगळ्यांना माहीत असतं. एका मुलाने सांगितलं, "हे टेस्टमध्ये येत नाही, बिनधास्त ओढ." म्हणजे लॅबवाले काका जे सांगतायत ना, ती पट्टीची उणीव हीच विकणाऱ्यांची जाहिरात आहे. पालक ज्या रिपोर्टवर विश्वास ठेवतात, तोच रिपोर्ट दाखवून माल विकला जातो.

आतून कसं वाटतं ते लिहितो, कारण ते कुणी लिहीत नाही. पहिले काही महिने गांजासारखंच, फक्त पटकन चढायचं आणि अर्ध्या-पाऊण तासात उतरायचं, त्यामुळे परत परत लागायचं. मग एका दिवशी सीवूड्स स्टेशनवर उभा होतो आणि अनाउन्समेंट माझ्याबद्दल बोलायला लागली. आवाज तोच, रेल्वेच्या बाईंचा. पण "पुढील स्थानक" च्या जागी माझं नाव. मला ते विचित्र वाटलं नाही, ताई. हेच लोकांना समजत नाही. मला वाटलं, चला, शेवटी उघड झालं. महिनाभर जे कळत नव्हतं ते कळलं. कॉलेजचे सर, समोरच्या बिल्डिंगमधले काका, झोमॅटोवाला, सगळे एका कटात आहेत आणि आता मला त्याचा पुरावा मिळालाय. तेव्हा कुणी "असं काही नाहीये रे" म्हटलं की तोही कटात गेला.

घरी वडील बँकेत कॅशियर, कमी बोलणारा माणूस. तीन रात्री ते माझ्या खोलीच्या दाराबाहेर फरशीवर बसून होते. वाद घातला नाही. मी ओरडलो की म्हणायचे, "तुला भीती वाटतेय हे दिसतंय मला. मी इथेच आहे." तिसऱ्या रात्री मी त्यांच्याबरोबर रिक्षात बसलो. कटाबाहेरचा तेवढा एकच माणूस उरला होता.

तीन वर्षं झाली सोडून. नेव्ही झाली नाही. ऐरोलीला एका कंपनीत आहे, बरं चाललंय. भाच्याला बोलायचं असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा, माझा नंबर देईन.

---

मनोवैद्य_ठाणे | सोमवार, रात्री १०:२०

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, जिल्ह्यातच प्रॅक्टिस करतो. आत्यांनी आणि नेरूळकरांनी जे लिहिलं ते वाचून जरा सविस्तर लिहितो.

हे रेणू मुळात नशेसाठी बनलेले नाहीत. अमेरिकेतल्या क्लेमसन विद्यापीठात जॉन हफमन या रसायनशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात मेंदूतल्या सीबी-१ नावाच्या रिसेप्टरचा (गांजाचं रसायन जिथे जाऊन चिकटतं ती जागा) अभ्यास करण्यासाठी असे शेकडो रेणू तयार झाले. त्यांच्याच आद्याक्षरांवरून जेडब्ल्यूएच-०१८ हे नाव. शोधनिबंध छापून आले, कृती उघड झाली आणि पुढे कुणीतरी ती कारखान्यात नेली. युरोपात "स्पाईस" नावाने अगरबत्तीसारखा सुगंधी पाला म्हणून पाकिटं विकली जायची. वरचा पाला निरुपद्रवी, खरं काम फवारलेल्या रसायनाचं, हे २००८ च्या अखेरीस जर्मनी-ऑस्ट्रियातल्या प्रयोगशाळांनी शोधलं. जेडब्ल्यूएच-०१८ वर संयुक्त राष्ट्रांचं नियंत्रण २०१५ मध्ये आलं, तोवर बाजारात त्याची नातवंडं आली होती. एकावर बंदी आली की रेणूची एक शेपटी बदलायची, नवं नाव द्यायचं. २०२१ मध्ये चीनने हा सगळा वर्गच बंदीखाली आणला, तरी बंदीच्या व्याख्येबाहेरचे नवे प्रकार निघालेच.

गांजातला टीएचसी सीबी-१ चा व्हॉल्व्ह अर्धवट उघडतो. कितीही ओढलं तरी तो एका मर्यादेपलीकडे उघडत नाही. हे सिंथेटिक रेणू व्हॉल्व्ह पूर्ण उघडतात आणि टीएचसीपेक्षा कित्येक पट घट्ट चिकटून बसतात. शिवाय गांजाच्या झाडात कॅनाबिडिऑल असतं, ते टीएचसीला थोडंफार आवरतं. इथे आवरणारं कुणी नाही. त्यात फवारणी कधीच सारखी होत नाही. चिवड्यात तिखट-मीठ न कालवता टाकलं की एक घास अळणी आणि पुढच्या घासाला ठसका, तसं एकाच पाकिटातली एक सिगारेट काही करत नाही आणि दुसरी माणसाला आडवं करते. जुलै २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एकाच दिवशी ३३ जण रस्त्यावर झापड आल्यासारखे, कण्हत, शून्यात बघत सापडले होते. ज्यांचे नमुने तपासले त्या सगळ्यांत असाच एक रेणू निघाला. २०१८ मध्ये इलिनॉय राज्यात तर अशा मालात उंदीर मारायचं औषध मिसळलेलं निघालं आणि लोक नाकातोंडातून रक्त येतंय म्हणून दवाखान्यात आले. तेव्हा रक्तस्राव दिसला तर डॉक्टरांना हे जरूर सांगा.

रुग्ण घरात असताना काय करायचं ते नेरूळकरांच्या वडिलांनी मला शिकवावं इतकं बरोबर केलं. त्यात माझी थोडी भर. टीव्ही बंद, दिवा मंद, खोलीत एका वेळी एकच माणूस. सुऱ्या, विळी नजरेआड. बाल्कनीला कुलूप, विशेषतः तुम्ही बाराव्या-चौदाव्या मजल्यावर राहत असाल तर. दोरीने बांधू नका, चारचौघांनी मिळून दाबून धरू नका. या रसायनात नाडी आधीच धावत असते, ताप चढतो, स्नायू झिजून मूत्रपिंडावर ताण येतो. धरपकडीने ते वाढतं. फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका आणि १०८ ला फोन करा. छातीत दुखणं, सतत उलट्या, लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर थेट इमर्जन्सीत, सकाळपर्यंत थांबायचं नाही.

दवाखान्यात पहिल्यांदा बहुधा लोराझेपामसारखं शांत करणारं इंजेक्शन, सलाईन, ईसीजी, आणि रक्तातलं पोटॅशियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), सीपीके (स्नायूंची झीज कळायला). भास आणि संशय राहिले तर मग मनोविकारावरची औषधं. बहुतेकांचं काही दिवसांत ते दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. माल पूर्ण बंद करूनही महिना उलटला आणि भास चालूच असले, तर आम्ही मूळचाच आजार आहे का याचा विचार करू लागतो. म्हणून बरं वाटल्यावर फॉलोअप सोडू नका. घरात कुणाला स्किझोफ्रेनिया असेल तर ते लपवू नका, डॉक्टरांना सांगा.

---

स्पष्टवक्ता | मंगळवार, सकाळी ९:०५

सगळं वाचलं. राग येईल पण लिहितो. आमच्या वेळी बापाने दोन कानाखाली ठेवून दिल्या असत्या तर ही वेळ आली नसती. फार लाड झालेत या पिढीचे.

---

नौपाड्याची_आत्या | मंगळवार, सकाळी ११:३०

दादा, राग नाही आला. मी ठेवून दिली होती.

पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं धाडस झालं नाही, आता लिहिते. सोमवारी संध्याकाळी, निगेटिव्ह रिपोर्ट हातात असताना. मला वाटलं, घेतलेलं तर काही नाही, म्हणजे नाटकं चालली आहेत. ताटातली आमटी त्याने बेसिनमध्ये ओतली आणि माझा हात उठला. त्याने गाल चोळला नाही, रडला नाही. फक्त मान हलवली, जणू त्याला वाटतच होतं की एक दिवस मी असं करणार. त्यानंतर चार दिवस तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही आणि शुक्रवारी पहाटे निघून गेला. त्याच्या डोक्यात जो कट चालला होता, त्यात मी माझ्या हाताने सामील झाले.

त्याला लहानपणी मी अंगाखांद्यावर खेळवलाय. कधी बोट लावलं नव्हतं. हे मी आयुष्यभर विसरणार नाही, आणि म्हणून सांगते, मारू नका.

---

स्पष्टवक्ता | मंगळवार, दुपारी १२:१०

ताई, माफ करा. मला दोन मुलगे आहेत, मोठा पनवेलला होस्टेलवर. आज संध्याकाळी त्याला भेटायला जातो.

---

हिरवाई | मंगळवार, रात्री ८:४५

सहानुभूती आहेच, पण एक मुद्दा. या रसायनामुळे साध्या गांजाचं नाव खराब होतंय. महादेवाचा प्रसाद म्हणून पिढ्यान् पिढ्या लोक घेत आलेत. झाडावरचा गांजा कायदेशीर असता तर पोरं या विषाकडे वळलीच नसती.

---

मनोवैद्य_ठाणे | मंगळवार, रात्री १०:००

बंदीमुळे जास्त वाईट पर्याय बाजारात येतात, हा मुद्दा विचार करण्यासारखा आहे आणि नेरूळकरांचा अनुभव तेच सांगतो. पण साधा गांजा निर्धोक आहे असं या धाग्यावर वाचून कुणी जाऊ नये. नशेमुळे सायकोसिस (भास आणि भ्रम होण्याचा विकार) झालेल्यांपैकी पुढे किती जणांना स्किझोफ्रेनियाचं निदान होतं, याचा अनेक अभ्यास एकत्र करून आढावा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्या पदार्थांचं मिळून प्रमाण सुमारे २५ टक्के आणि त्यात गांजाचं सर्वांत जास्त, सुमारे ३४ टक्के. दारूचं त्याहून बरंच कमी. सोळा ते पंचवीस या वयात मेंदूची जोडणी चालू असते, तेव्हा धोका अधिक. आज मिळणारा गांजा हा आजोबांच्या काळातलाही नाही, त्यात टीएचसी कितीतरी जास्त असतं.

आणि व्हेपचं राहिलं. आपल्याकडे ई-सिगारेटवर २०१९ पासून बंदी आहे, तरी मुलांच्या दप्तरात मिळतात. इंग्लंडमध्ये बाथ विद्यापीठाने ३८ शाळांत जप्त झालेली व्हेप तपासली, तर सहातल्या एकात हेच स्पाईस निघालं. मुलांना वाटत होतं फार तर गांजाचं तेल असेल. पाला दिसला नाही म्हणजे सुटलो, असं मानू नका.

---

वकीलकाका | बुधवार, सकाळी ८:३०

पालक दवाखान्यात जायला घाबरतात त्याचं मोठं कारण पोलीस. म्हणून कायद्याचं थोडक्यात.

एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा. सेवन हा त्यात कलम २७ खाली गुन्हा आहे. पण त्याच कायद्यात कलम ६४-अ आहे. व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचाराला गेला आणि ते पूर्ण केले, तर सेवनासाठी किंवा अल्प प्रमाणातल्या मालासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं.

दुसरा २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा. रुग्ण स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल आणि त्याच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका असेल, तर कलम ८९ खाली नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (रुग्णाच्या वतीने बोलणारा, बहुधा घरचाच माणूस) अर्जावर ३० दिवसांपर्यंत दाखल करता येतं. त्यासाठी दोन जणांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ. कुणी "व्यसनमुक्ती केंद्राची गाडी पाठवतो, आमची पोरं उचलून आणतील, सहा महिने भेटायचं नाही" असं सांगितलं तर त्या दारात जाऊ नका. नोंदणीचा कागद मागा. आमच्या ओळखीच्यांनी एकाला असंच पाठवलं होतं, तो परत आला तेव्हा मनगटांवर साखळीचे वळ होते.

---

कळवेकर | बुधवार, दुपारी ३:००

ठाण्याच्या मनोरुग्णालयाबद्दल लिहितो. लहानपणी आम्ही एकमेकांना चिडवायचो, "तुला तीन हात नाक्याला सोडू का?" १९०१ पासूनचं आहे ते. आता ठाणे-मुलुंडमधलं नवं स्टेशन त्याच्याच जागेवर होणार म्हणून लोकांना माहीत झालंय. पण तिथे रोजची ओपीडी चालते हे किती जणांना ठाऊक आहे? माझ्या धाकट्या भावाला मी दोन वर्षं तिथे नेतोय. पहिल्या दिवशी गेटवर कुणी ओळखीचं भेटेल म्हणून रुमाल बांधून गेलो होतो. आता बांधत नाही. राज्यात अशी चार आहेत, बाकीची येरवडा, नागपूर, रत्नागिरी.

रात्रीबेरात्री नुसतं कुणाशी बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६, मराठीतून बोलतात. व्यसनासाठी १४४४६.

---

ऐरोलीची_आई | गुरुवार, रात्री १:४०

कुणी जागं आहे का? हा धागा बहिणीने पाठवला. माझा मुलगा एकोणीसचा. तीन दिवस झाले झोपलेला नाही. फॅनमधून कुणी बोलतं म्हणतो. परवा टेस्ट केली, निगेटिव्ह आली, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. आता बाथरूममध्ये कडी लावून बसलाय, सारखं पाणी ओततोय. मिस्टर दार तोडायचं म्हणतायत.

---

नेरूळकर२७ | गुरुवार, रात्री १:४४

जागा आहे. काकू, दार तोडू नका अजून. काकांना म्हणावं, दाराबाहेर खाली बसा. उभं राहू नका, फटीतून सावली दिसते, त्याचीच भीती वाटते. हळू आवाजात सांगा की इथे फक्त आई-बाबा आहेत. पाणी ओततोय म्हणजे अंगाची आग होत असेल, मला व्हायची. आत गीझर चालू असेल तर बाहेरूनच बंद करा.

---

मनोवैद्य_ठाणे | गुरुवार, रात्री १:५२

ताई, १०८ ला आत्ताच फोन करा, "मुलगा भ्रमात आहे, नशेची शक्यता" असं स्पष्ट सांगा. बाथरूममध्ये फिनेल, अ‍ॅसिड, वस्तरा काय काय आहे? आवाज थांबला, हाक देऊनही उत्तर आलं नाही किंवा काही पडल्याचा आवाज आला तर मात्र दार तोडा, थांबू नका. दवाखान्यात गेल्यावर निगेटिव्ह रिपोर्ट दाखवा, पण सोबत हेही सांगा की सिंथेटिक गांजाचा संशय आहे. हे तीन शब्द तुम्ही उच्चारले नाहीत तर कदाचित कुणाच्याच लक्षात येणार नाही. एक जण घरी थांबून त्याची खोली बघा. पाकीट, व्हेप, चुरा जे मिळेल त्याचा फोटो काढून डॉक्टरांना पाठवा. उघड्या हाताने चुरा हाताळू नका.

---

ऐरोलीची_आई | गुरुवार, पहाटे ४:५५

दार त्याने स्वतःच उघडलं, मिस्टर पाऊण तास खाली बसून होते. अंग भट्टीसारखं तापलं होतं. इंजेक्शन दिलंय, सलाईन चालू आहे, आत्ता झोपलाय. मुलीला पाकीट सापडलं, क्रिकेटच्या बुटात, मोज्याच्या आत. चांदीच्या रंगाचं, कार्टून असलेलं. फोटो दाखवला तेव्हा डॉक्टरांनी लगेच ईसीजी आणि किडनीची टेस्ट लिहून दिली. मला काहीच सुचत नाहीये. सकाळी काय काय आणायचं असतं?

---

नौपाड्याची_आत्या | गुरुवार, पहाटे ५:१०

त्याचं जुनं, धुतलेलं पांघरूण आणा, नवीन नको. ओळखीच्या वासाचं हवं. नाडी नसलेली पँट, वॉर्डात नाडी ठेवू देत नाहीत. खायला सोलून खायचं काही, केळी, उकडलेली अंडी, तो स्वतःच्या हाताने सोलेल ते. जेवण नाकारलं तर मनाला लावून घेऊ नका.

कुठल्या हॉस्पिटलात आहात ते मला व्यनि करा. पहिली ट्रान्सहार्बर पकडून सातपर्यंत पोहोचते. तुम्ही दोघांनी रात्रीपासून काही खाल्लं नसेल, डबा घेऊनच येते.